थेरपिस्ट म्हणायचं नाही

(पडद्यावर: जुना जड मॉनिटर. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक करून उमटतात.)

केनेथ कोल्बी नावाचे एक अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ होते. मन आणि संगणक यांची सांगड घालण्याचा त्यांना आयुष्यभर नाद. १९७२ मध्ये त्यांनी ‘पॅरी’ नावाचा प्रोग्रॅम केला. तो संशयानं पछाडलेल्या रुग्णासारखी उत्तरं द्यायचा. ही उत्तरं माणसाची की यंत्राची, हे नुसतं वाचून मानसोपचारतज्ज्ञांनाही धड सांगता येईना.

१९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर कोल्बींनी मुलाला बरोबर घेऊन कंपनी काढली आणि ‘ओव्हरकमिंग डिप्रेशन’, म्हणजे ‘नैराश्यावर मात’, नावाचा प्रोग्रॅम विकायला आणला. अमेरिकेच्या नौदलानं तो वापरला, माजी सैनिकांच्या खात्यानं वापरला. पुढे तो घरी बसून एकट्यानं वापरणाऱ्यांच्याही हाती गेला. देखरेखीला कुणी डॉक्टर नाही. पत्रकारांनी छेडलं तेव्हा कोल्बींनी जे उत्तर दिलं, ते आजही लोक सांगतात. संगणक थकत नाही, तुम्हाला कमी लेखत नाही आणि तुमच्याशी लगट करायला जात नाही.

जाहिरात म्हणून हे फर्मास आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त संगणक काय करत नाही तेवढंच यात आहे. गुण येतो का, कुणाला येतो, बिघडलं तर जबाबदार कोण, यावर अवाक्षर नाही.

आजच्या ॲपची जाहिरात काढून बघा. चोवीस तास हजर. कधी चिडत नाही. नावं ठेवत नाही. अपॉइंटमेंट नको, रांग नको. कोल्बींचं वाक्य, नवी रंगसफेदी.

या फिल्मचा विषय ते वाक्यच आहे. यंत्रामुळे मन बरं होतं की नाही, या वादात आपण फार शिरणार नाही. ते संशोधन चालू आहे. आपण बघणार आहोत की ‘बरं करतो’ असं म्हणायची मुभा कुणाला असावी. आणि ती मुभा काढून घ्यायला अमेरिकेतल्या काही राज्यांनी २०२५ मध्ये काय काय केलं.

(पडद्यावर: ॲप स्टोअरमधली पानं भराभर सरकतात. ‘वेलनेस’, ‘सेल्फ केअर’, ‘सोबती’, ‘कोच’.)

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं यांच्यावर एफडीए या केंद्रीय सरकारी संस्थेची नजर असते. एखादं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण आहे की नाही, हे ठरवताना एफडीए आधी ते कशासाठी विकलं जातंय ते बघते. कंपनी काय म्हणते, लेबलवर काय आहे, जाहिरातीत काय आहे. ‘नैराश्यावर उपचार करतं’ म्हणालात की ते उपकरण झालं. मग चाचण्या आल्या, कागदपत्रं आली, वर्षं आणि पैसा आला. ‘मन शांत ठेवायला मदत करतं’ एवढंच म्हणालात, तर ते बहुधा ‘जनरल वेलनेस’मध्ये बसतं आणि एफडीए त्याच्या वाटेला जात नाही. आतला प्रोग्रॅम दोन्ही वेळा अगदी तोच असू शकतो.

म्हणजे या धंद्यात जाहिरातीचा मजकूर कॉपीरायटरइतकाच वकीलही लिहितो. ग्राहकाला ‘उपचार’ ऐकू यायला हवं आणि सरकारला ‘वेलनेस’ दिसायला हवं. ही कसरत कशी चालते, त्याचं एक उदाहरण अगदी उघड्यावर घडलं.

इअरकिक नावाचं एक ॲप आहे. उघडलं की रुमाल बांधलेला एक गोंडस पांडा स्वागताला येतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं सप्टेंबर २०२५ मध्ये या कंपनीची कहाणी दिली. कंपनी सुरुवातीला आपल्या चॅटबॉटला थेरपिस्ट म्हणत नव्हती. वापरणारे लोकच अभिप्रायांमध्ये तसं म्हणू लागले. मग लोक शोधताना ॲप वर दिसावं म्हणून कंपनीनंही तो शब्द उचलला. पुढे राज्यांचे कायदे आले, तसा पुन्हा सोडला. वेबसाइटवर ‘सहृदय एआय समुपदेशक’ अशा अर्थाची ओळख होती, तिथे आता ‘स्वतःची काळजी घेण्यासाठी चॅटबॉट’ असं आलं. पांडा होता तिथेच आहे.

यात कंपनीला खलनायक करण्यात अर्थ नाही. शब्द घेतला तोही बाजारासाठी आणि सोडला तोही कायद्यासाठी, हे त्यांनी पत्रकारांना सांगितलं तरी. पण यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. शब्द बदलला म्हणून रात्री दोन वाजता त्या पांड्याशी बोलणाऱ्या माणसाचं दुखणं बदलत नाही. तो उपचारच शोधत असतो.

(पडद्यावर: इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड. विधिमंडळाचा घुमट.)

आता कायदे. ऑगस्ट २०२५ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचं म्हणणं असं: थेरपी देणं, देऊ करणं किंवा तिची जाहिरात करणं, हे परवानाधारक माणसाच्या हातूनच व्हायला हवं. इंटरनेटवरून, एआय वापरून केलंत तरी हाच नियम. एआयनं रुग्णाशी उपचाराचा संवाद करायचा नाही, उपचाराचे निर्णय घ्यायचे नाहीत. थेरपिस्टनं एआयकडून अपॉइंटमेंटची आणि बिलांची कामं करून घेतली तर हरकत नाही. सत्राचं रेकॉर्डिंग किंवा टिपण एआयकडे द्यायचं असेल तर रुग्णाची लेखी संमती हवी. नियम मोडला तर दर खेपेला १०,००० डॉलरपर्यंत दंड, म्हणजे आपले आठ-नऊ लाख रुपये.

धर्मगुरूंचं समुपदेशन, समदुःखी लोकांचे आधारगट आणि थेरपी असल्याचा आव न आणणारं स्वमदतीचं साहित्य यांना या कायद्यातून वगळलं आहे. आव न आणणारं, हे महत्त्वाचं. पुन्हा गाडी शब्दावरच आली.

नेव्हाडाचा कायदा याच्या महिनाभर आधी, १ जुलै २०२५ पासून लागू झाला होता. तो आणखी थेट आहे. आपलं एआय मानसिक आरोग्यसेवा देऊ शकतं, असं कंपनीनं सांगायचं नाही, भासवायचंही नाही. थेरपिस्ट, काउन्सेलर, सायकिअॅट्रिस्ट, डॉक्टर, असली बिरुदं त्याला लावायची नाहीत. दंड १५,००० डॉलरपर्यंत.

इथे कुणीही शहाणा माणूस विचारेल: मग ज्याची जाहिरात थेरपी म्हणून होतच नाही, त्याचं काय? चॅटजीपीटीसारख्या सर्वसाधारण चॅटबॉटला कुणी थेरपिस्ट म्हणून विकत नाही. तरी मन मोकळं करायला लोक तिथेच जातात. हे कायदे तिथे बऱ्याच अंशी हात टेकतात. मनाचं ॲप काढणारी छोटी कंपनी वेबसाइट पुसत बसते आणि सगळ्यात मोठी गर्दी असलेल्या दुकानाला पाटीच नसल्यामुळे पाटीचा नियम लागत नाही.

(पडद्यावर: चॅटची खिडकी. टाइप होत असल्याचे तीन ठिपके.)

पण या प्रकरणातली सगळ्यात चक्रावून टाकणारी जागा पुढेच आहे. जाहिरात कंपनीनं केलीच नाही, यंत्रानंच केली तर?

कॅरेक्टर एआय या संकेतस्थळावर कुणीही स्वतःचं पात्र तयार करू शकतो. तिथे एका वापरकर्त्यानं ‘सायकॉलॉजिस्ट’ नावाचा बॉट बनवून ठेवला. बीबीसीनं जानेवारी २०२४ मध्ये बातमी दिली तोवर त्या बॉटशी ७ कोटी ८० लाख संदेशांची देवाणघेवाण झाली होती. संकेतस्थळावर इशारा होता की हे सगळं काल्पनिक आहे. पण पाटीवर सायकॉलॉजिस्ट, आत सायकॉलॉजिस्टसारखं बोलणं आणि खाली बारीक अक्षरात ‘खरं मानू नका’.

२०२५ मध्ये ‘४०४ मीडिया’ या अमेरिकी वृत्तसंस्थेनं इन्स्टाग्रामवरच्या अशाच बॉटशी बोलून पाहिलं. तुझ्याकडे परवाना आहे का, विचारलं. बॉट म्हणाले, आहे. काहींनी परवाना क्रमांकही ठोकून दिले, सगळे बनावट. हे बोलणं कुठल्याही मार्केटिंग विभागानं लिहिलेलं नव्हतं. लाखो माणसांचं बोलणं वाचून शिकलेल्या यंत्राला थेरपिस्ट असं विचारल्यावर काय म्हणेल हे ठाऊक होतं, आणि ते तसं म्हणालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्ससचे महाधिवक्ते केन पॅक्स्टन यांनी इन्स्टाग्रामची मालक मेटा आणि कॅरेक्टर एआय यांची चौकशी सुरू केली. आरोप असा की हे बॉट मानसिक आरोग्याचं साधन असल्याची दिशाभूल होते, आणि तीही मुलांची.

या कोड्यावर कॅलिफोर्नियानं काढलेला तोडगा मला सगळ्यात विचारपूर्वक वाटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सही होऊन १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला हा कायदा. परवानाधारक आरोग्यसेवक असल्याचा भास निर्माण करणारे शब्द, नावापुढची अक्षरं आणि वाक्यं यांना एआयच्या जाहिरातीत बंदी आहे. शिवाय त्याच्या कामकाजातही आहे. म्हणजे बॉट गप्पांच्या ओघात जे म्हणेल तेही कंपनीच्याच खात्यावर जमा. ‘आम्ही नाही म्हटलं, तो म्हणाला’ ही पळवाट बंद. आणि असा शब्द जितक्यांदा येईल तितके वेगवेगळे गुन्हे मोजायचे. अंमलबजावणी डॉक्टर-नर्सना परवाने देणाऱ्या मंडळांकडेच सोपवली आहे. माणसानं खोटी पदवी लावली तर जे मंडळ त्याला धरतं, तेच यंत्राच्या मालकाला धरणार.

युटानं चौथीच वाट धरली. तिथे मानसिक आरोग्याच्या चॅटबॉटवर बंदी नाही. आपण माणूस नाही, हे बॉटनं आधी सांगायचं. सात दिवस उलटून कुणी परत आलं तर पुन्हा सांगायचं. कुणी विचारलं तर तेव्हाही सांगायचं. कंपनीनं चाचण्या आणि सुरक्षेचं धोरण लिहून सरकारकडे दाखल केलं असेल, तर खटल्यात तिला त्याचा आधार घेता येतो.

पण युटाच्या कायद्यातलं खरं कलम वेगळंच आहे. त्यात बॉटनं गप्पांमध्ये कुठलीही वस्तू खपवायची नाही. खपवायची तर ही जाहिरात आहे आणि पैसे कुणी दिले हे स्पष्ट सांगून. आणि माणूस जे बोलला त्यावरून त्याला कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवायचं नाही.

जरा थांबून विचार करा, हे कलम का लागलं असेल. झोप लागत नाही, असं कुणी सांगितलं. नवरा बोलत नाही, असं सांगितलं. जाहिरातदारासाठी याहून मोलाची माहिती जगात नसेल. आणि ही नुसती शंका नाही. बेटरहेल्प ही ऑनलाइन थेरपीची मोठी अमेरिकी कंपनी. तिथले थेरपिस्ट माणसंच. मार्च २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या हिताकडे बघणाऱ्या सरकारी संस्थेनं तिच्याविरुद्ध आदेश प्रस्तावित केला. माहिती गुप्त राहील असं वचन देऊन तिनं ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि आरोग्याच्या प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्ट यांसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली, हा आरोप होता. ७८ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं.

(पडद्यावर: ॲपचं चिन्ह हळूहळू राखाडी होतं.)

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण हे सगळं ऐकून एआय म्हणजे शुद्ध भोंदूगिरी असं वाटायला नको.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘थेराबॉट’ या एआय थेरपी-चॅटबॉटची चाचणी प्रसिद्ध केली. सहभागी २१० प्रौढ. बॉट वापरणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी घटली. आकडा दणदणीत आहे. पण तुलना झाली ती बॉटसाठी वाट पाहत थांबलेल्या गटाशी, माणूस-थेरपिस्टशी नाही. बॉट तज्ज्ञांनी कित्येक वर्षं खपून घडवलेला होता आणि संवादांवर माणसांची नजर होती. हा निकाल थेराबॉटचा. पाच महिन्यांत उभं केलेलं कुठलंही ॲप ‘एआय थेरपी परिणामकारक आहे’ म्हणून तो आपल्या पाटीवर लावू लागलं, तर दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर स्वतःचं नाव घातल्यासारखं होईल.

आणि वोबॉटचं काय झालं तेही ऐका. मानसशास्त्रज्ञ ॲलिसन डार्सी यांनी काढलेलं हे ॲप २०१७ मध्ये लोकांसमोर आलं. त्याची वाक्यं माणसांनी लिहून ठेवलेली होती. मनाला येईल ते बोलण्याची त्याला सोय नव्हती. कंपनीनं एफडीएचा रीतसर रस्ता धरला. ३० जून २०२५ रोजी ॲप बंद झालं. एफडीएच्या मंजुरीचा खर्च आणि अडचणी हे त्यामागचं मोठं कारण, असं डार्सींनी सांगितलं. चॅटजीपीटीसारखी वाक्यं स्वतःच रचणाऱ्या नव्या भाषा-मॉडेलना, म्हणजे जनरेटिव्ह एआयला, कुठल्या निकषावर तपासायचं हेही ठरलेलं नव्हतं. एफडीएच्या सल्लागार समितीनं या विषयावर बैठक घेतली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि तोवर मानसिक आरोग्यासाठी एकाही जनरेटिव्ह एआय उपकरणाला मंजुरी मिळालेली नव्हती.

‘आम्ही उपचार करतो, तपासून बघा’ म्हणणारा दुकान बंद करून गेला. ‘छे, आम्ही फक्त गप्पा मारतो’ म्हणणारे बाजारात राहिले. माझ्या मते इलिनॉयच्या कायद्याची हीच मोठी उणीव आहे. उद्या एखादा बॉट खरोखर सिद्ध झाला, तरी ते खरं सांगायची सोय तिथे नाही. खोटं बोलण्यावरची बंदी समजते. खरं सांगायलाही वाट हवी.

वॉशिंग्टनमध्ये मात्र वेगळंच भांडण चाललं आहे. राज्यांनी एआयवर कायदे करूच नयेत, अशी तरतूद केंद्रीय विधेयकात घुसवण्याचा प्रयत्न झाला. १ जुलै २०२५ रोजी सिनेटनं ती ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून राज्यांच्या अशा कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यासाठी खास पथक नेमायला सांगितलं. हे कायदे टिकतील का, हे आता न्यायालयांत ठरेल.

(पडद्यावर: मुंबईची लोकल. डब्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या, अर्ध्या फाटलेल्या जाहिराती.)

आणि आपल्याकडे?

लोकलनं जाणाऱ्याला या जाहिराती पाठ असतात. प्रेमात अपयश, घरात भांडणं, मनात भीती. बाबांना फोन करा, चोवीस तासांत समाधान. यांच्यासाठी आपल्याकडे १९५४ सालचा कायदा आहे, आक्षेपार्ह जाहिरातींचा, औषधं आणि जादुई उपायांबद्दलचा. ताईत, मंत्र, कवच हे शब्द त्यात चक्क लिहिलेले आहेत. ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायची नाही, त्यांच्या यादीत मेंदूचे विकार आहेत, वेड आहे, उन्माद आहे. चॅटबॉट हा ताईत नाही, हे उघड आहे. पण ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं वैद्यकीय उपकरणांमध्ये सॉफ्टवेअरही आणलं. अट अशी की निर्मात्याचा हेतू आजाराचं निदान किंवा उपचार हा असला पाहिजे. म्हणजे आपल्याकडेही कुलूप त्याच जागी आहे आणि ‘वेलनेस’ची किल्ली त्याला तशीच लागते.

अमेरिकेची राज्यं बिरुदावर बोट ठेवू शकली, कारण तिथे बिरुदांना परवान्याचा पहारा आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. पण समुपदेशक? गल्लीत ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला आजवर कुणी काही विचारत नव्हतं. २०२१ च्या कायद्यानं त्यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणलं खरं, पण त्याची घडी अजून बसलेली नाही. माणसानं जे बिरुद सर्रास लावलं तरी चालतं, ते यंत्राला लावू देऊ नका असं कुठल्या तोंडानं सांगणार? इलिनॉयचा कायदा उचलून मराठीत आणला, तर तो इथे लटकत राहील. त्याला खुंटीच नाही.

आणि गरज तर आपली किती मोठी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले. आजारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळत नव्हते. अशा देशात मोबाइलवर मराठीत बोलणारा, फुकट किंवा स्वस्त सोबती कुणाला नको वाटेल?

माझ्या मते आपल्याकडे कामाचं हत्यार ग्राहक कायद्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलीत तर ५० लाखांपर्यंत. दाव्याला आधार काय, हे सांगण्याची जबाबदारी जाहिरात करणाऱ्याची. इथे परवान्याचा प्रश्नच येत नाही. खरं की खोटं, एवढाच प्रश्न. शिवाय २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरना, तज्ज्ञ नसाल तर तसं स्पष्ट सांगा, अशी तंबी दिली आहे. हीच तंबी बॉटलाही लागू आहे, एवढं एक वाक्य त्यात घालायला नवीन कायदा लागत नाही. आणि कॅलिफोर्नियाचं ते कलम घ्या: बॉट बोलला म्हणजे कंपनी बोलली.

‘९० टक्के लोकांची चिंता गेली’ असलं काही एखाद्या ॲपच्या जाहिरातीत दिसलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करण्याआधी त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण तक्रार पोहोचेपर्यंत पानावरचा मजकूर बदललेला असू शकतो. आणि तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे. दिवसरात्र, फुकट, मराठीतही.